भूमिगत टाक्यांची गळती : सफाईआधी शोधाची कसोटी

देशातील पेट्रोलपंपांच्या संख्येने २०२५ च्या अखेरीस एक लाखाचा टप्पा ओलांडला. दहा वर्षांपूर्वी ही संख्या पन्नास हजारांच्या आसपास होती. २०२५ च्याच जुलै महिन्यात केंद्रीय पर्यावरण, वने आणि हवामान बदल मंत्रालयाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाविषयीचे नियम अधिसूचित केले. माती आणि भूजल दूषित झालेली ठिकाणे शोधणे, त्यांची तपासणी करणे आणि सफाईचा खर्च जबाबदार व्यक्तीकडून वसूल करणे यासाठी देशात प्रथमच स्वतंत्र नियमावली अस्तित्वात आली.

या दोन घटनांचा परस्परांशी असलेला संबंध वरकरणी जाणवत नाही. तथापि प्रत्येक पंपाच्या फरशीखाली इंधनाच्या टाक्या पुरलेल्या असतात. त्यांच्यापासून नळ्यांचे जाळे वितरण यंत्रांपर्यंत गेलेले असते. टाकी आणि नळ्या जमिनीखाली ठेवण्यामागे आगीपासून संरक्षण हा मुख्य हेतू आहे आणि तो योग्यच आहे. मात्र जी वस्तू आगीपासून सुरक्षित राहावी म्हणून नजरेआड केली, तिची झीजही नजरेआडच होत राहते. धातूला लागलेला गंज, सांध्यातील फट, खचलेल्या भरावामुळे वाकलेली नळी यांपैकी काहीच वरून दिसत नाही.

अशी गळती सापडल्यावर ती थांबविण्याचे आणि माती व पाणी स्वच्छ करण्याचे तंत्र जगाला अवगत आहे. ते खर्चिक आणि वेळखाऊ असले तरी अज्ञात नाही. अडचण येते ती त्याआधीच्या टप्प्यावर. गळती आहे हे कळणे, ती कोठून आली हे सिद्ध करणे आणि ती कोठवर पोहोचली याचा माग काढणे हे काम कठीण आहे. नव्या नियमांची खरी कसोटी तेथेच लागणार आहे.

हिशेबात दडणारी गळती

पंपावर रोज टाकीत डिप रॉड सोडून इंधनाची पातळी मोजली जाते. टँकरने किती माल उतरविला, वितरण यंत्रातून किती विकला गेला आणि टाकीत किती उरला यांचा मेळ घातला जातो. हा मेळ तंतोतंत जमत नाही, हे व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे. पेट्रोलची वाफ होते. तापमान एका अंशाने बदलले तरी दहा हजार लिटर पेट्रोलच्या आकारमानात सुमारे दहा लिटरचा फरक पडतो. शिवाय डिप वाचताना थोडीफार चूक होणारच. त्यामुळे हिशेबातील लहान तूट स्वाभाविक मानली जाते आणि याच तुटीत गळती लपून राहते.

एक साधा हिशेब पाहता येईल. एखाद्या सांध्यातून दर सेकंदाला एक थेंब गळत आहे आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो असे धरले, तर दिवसाला चार लिटरांहून थोडे अधिक, महिन्याला सुमारे १३० लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक इंधन जमिनीत जाते. महिन्याला एक लाख लिटर विक्री असलेल्या पंपाच्या दृष्टीने १३० लिटर म्हणजे जेमतेम एक सहस्रांशाहून थोडी अधिक तूट होय.

अमेरिकेतील नियमांनुसार केवळ साठ्याच्या हिशेबावरून गळतीचा संशय घ्यावयाचा असेल, तर मासिक उलाढालीच्या एक टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे सुमारे ४९० लिटर, ही मर्यादा धरली जाते. लाख लिटर विक्रीच्या पंपासाठी ती महिन्याला जवळजवळ दीड हजार लिटर होते. वरील उदाहरणातील गळती तिच्या एक दशांशाहूनही कमी आहे. टाकीतील पातळी आपोआप मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडून त्याच नियमांत ताशी ०.२ गॅलन, म्हणजे सुमारे पाऊण लिटर, गळती ओळखण्याची अपेक्षा आहे. थेंबथेंब गळतीचे प्रमाण ताशी एक पंचमांश लिटरहूनही कमी भरते. म्हणजे नियमाप्रमाणे काटेकोर वागणाऱ्या पंपाखालीही गळती वर्षानुवर्षे चालू राहू शकते. म्हणूनच त्या देशात साठ्याच्या हिशेबाची पद्धत एकटी पुरेशी मानली जात नाही. टाकी व नळ्यांची दाबचाचणी, दुहेरी भिंतीच्या टाक्या आणि दोन भिंतींमधील पोकळीवर देखरेख यांची जोड तिला देण्यात आली.

भारतात पेट्रोलियम साठ्याचे परवाने व सुरक्षेचे नियमन नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्थेकडे आहे. गेल्या काही वर्षांत मोठ्या संख्येने पंपांवर स्वयंचलित मोजणी यंत्रणा बसविण्यात आली आहे. तिचा मुख्य उपयोग मालाचे माप आणि विक्री यांवर लक्ष ठेवण्यासाठी होतो. तिच्या नोंदींतून गळतीचा माग काढता येतो. मात्र त्यासाठी त्या नोंदी त्या दृष्टीने तपासल्या गेल्या पाहिजेत.

पावसाळ्यात टाकीत पाणी शिरल्याच्या आणि वाहनात पाणीमिश्रित इंधन भरले गेल्याच्या तक्रारी दरवर्षी ऐकू येतात. ग्राहकाच्या नुकसानीचा प्रश्न म्हणून त्यांची दखल घेतली जाते. पाणी वरच्या झाकणातून वा इंधन भरण्याच्या तोंडातूनही शिरू शकते, हे खरे आहे. परंतु ते टाकीच्या भिंतीतील छिद्रातून आले असेल, तर जमिनीतील पाण्याची पातळी खाली गेल्यावर त्याच छिद्रातून इंधन बाहेर जाईल. पावसाळ्यातील अशी तक्रार उन्हाळ्यातील गळतीची पूर्वसूचना असू शकते. प्रत्येक तक्रारीनंतर केवळ पाणी उपसून टाकी पुन्हा भरणे म्हणजे ही सूचना हातची घालविणे होय.

जमिनीखाली काय घडते

बाहेर पडलेले पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने खाली झिरपते. त्यातील काही भाग मातीच्या कणांना चिकटून राहतो, काही भाग वाफेच्या रूपाने मातीच्या पोकळ्यांत पसरतो. पाण्याहून हलके असल्याने उरलेले पेट्रोल भूजलाच्या पातळीवर पोहोचताच तेथे तवंगासारखे साचते. या तवंगातून बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन आणि झायलिन हे घटक हळूहळू पाण्यात विरघळतात आणि भूजलाच्या प्रवाहाबरोबर पुढे सरकतात.

यांपैकी बेंझिन सर्वांत चिंताजनक आहे. त्यामुळे माणसांमध्ये रक्ताचा कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने निःसंशय मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा दिली आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये बेंझिनचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शकते. अशा पेट्रोलच्या तवंगाला लागून असलेल्या पाण्यात, रसायनशास्त्राच्या साध्या गणिताने, लिटरमागे १८ मिलिग्रॅमच्या आसपास बेंझिन उतरू शकते. मर्यादेच्या तुलनेत हे प्रमाण अठराशे पट आहे.

सामान्य नागरिकाजवळ पाणी पारखण्याचे साधन म्हणजे नाक. पाण्यात केवळ बेंझिन असेल तर त्याचा वास जाणवण्याची पातळी लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम आहे. ती आरोग्याच्या दृष्टीने ठरविलेल्या मर्यादेच्या हजार पट आहे. पेट्रोलमधील इतर घटकांमुळे वास याहून आधी येऊ शकतो. तरीही वास येत नाही म्हणून पाणी निर्धोक आहे, हा निष्कर्ष काढता येत नाही. वास आला तेव्हा उशीर झालेला असतो, असेच बहुधा म्हणावे लागते.

निसर्गही या प्रदूषणाशी झुंजत असतो, हे येथे नमूद केले पाहिजे. मातीतील सूक्ष्मजीव बेंझिनवर जगतात आणि त्याचे विघटन करतात. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने १९९५ साली तेथील गळक्या टाक्यांच्या नोंदींचा अभ्यास केला. भूजलातील बेंझिनचा पट्टा बहुतेक ठिकाणी अडीचशे फुटांच्या आतच थांबतो, असे त्यात आढळले. त्यावरून अनेकांनी दिलासा मानला. मात्र हा दिलासा इंधनातील घटक न बदलण्यावर अवलंबून होता.

त्याच काळात धूर कमी व्हावा म्हणून पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचे रसायन मिसळले जात होते. ते पाण्यात सहज विरघळते, मातीला फारसे चिकटत नाही आणि सूक्ष्मजीव त्याला लवकर हात लावत नाहीत. १९९६ साली कॅलिफोर्नियातील सांता मोनिका या शहराला आपल्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी या रसायनामुळे बंद कराव्या लागल्या. शहराचा सुमारे निम्मा पाणीपुरवठा त्यामुळे खंडित झाला आणि बाहेरून पाणी विकत घ्यावे लागले. शुद्धीकरणाचा प्रकल्प उभा राहून त्या विहिरींचे पाणी पुन्हा वापरात येण्यास चौदा वर्षांहून अधिक काळ लोटला. हवा स्वच्छ करण्यासाठी योजलेल्या उपायाने पाणी दूषित केले.

भारतासाठी हा संदर्भ दूरचा नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. इथेनॉल हे एमटीबीईप्रमाणे चिवट नाही. सूक्ष्मजीव ते झपाट्याने संपवितात. परंतु ते आधी इथेनॉलवर तुटून पडतात आणि त्यात जमिनीतील प्राणवायू खर्ची पडतो. परिणामी बेंझिनचे विघटन मागे पडते आणि त्याचा पट्टा अधिक लांबवर जाऊ शकतो. टाकीत पाणी शिरल्यास इथेनॉल त्या पाण्यात मिसळून तळाशी वेगळा थर तयार होतो. पाणी ओळखण्यासाठी डिप रॉडला लावण्यात येणारी नेहमीची पेस्ट अशा थरावर नीट रंग बदलत नाही. त्यासाठी वेगळी पेस्ट लागते. इथेनॉलमिश्रणाचे आर्थिक व कृषिविषयक फायदे मान्य करूनही जुन्या टाक्यांची तपासणी आता अधिक गरजेची झाली आहे, हे यावरून स्पष्ट होते.

शोध कसा घेतला जातो

तपासाची सुरुवात कागदपत्रांपासून होते. टाकी कोणत्या वर्षी पुरली, ती कोणत्या धातूची, दुरुस्ती केव्हा झाली, हिशेबात तूट केव्हापासून वाढली आणि पूर्वी त्याच जागी दुसरा पंप, गॅरेज वा कारखाना होता काय, याची छाननी केली जाते. जुने नकाशे आणि परिसरातील वृद्धांच्या आठवणीही येथे उपयोगी पडतात. त्यानंतर आजूबाजूच्या विहिरी, विंधन विहिरी, तळघरे आणि गटारे यांची पाहणी होते. गटार वा तळघरात साचलेली पेट्रोलची वाफ स्फोटक असल्याने हा टप्पा तातडीचा असतो.

पुढे मातीतील हवा शोषून घेऊन उपकरणाने तिच्यातील वाफेचे प्रमाण मोजतात. जेथे प्रमाण अधिक तेथे छिद्र पाडून निरनिराळ्या खोलीवरील मातीचे नमुने घेतले जातात. नमुना उघड्यावर राहिला तर त्यातील बेंझिन उडून जाते आणि प्रयोगशाळेचा अहवाल निर्दोष येतो. त्यामुळे नमुना तत्काळ हवाबंद करणे, थंड ठेवणे आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची लेखी नोंद ठेवणे आवश्यक ठरते. न्यायालयात अनेक प्रकरणांचे भवितव्य या नोंदीवर ठरते.

भूजलाचा प्रवाह कोणत्या दिशेने आहे हे ठरविण्यासाठी किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात आणि त्या एका रेषेत असून चालत नाही. तिन्ही ठिकाणची पाण्याची पातळी मोजून उतार काढला जातो. प्रवाहाच्या वरच्या बाजूस एक विहीर ठेवावीच लागते, कारण प्रदूषण याच पंपाचे की वरून आलेले, हे तिच्यावाचून सांगता येत नाही. विहीर खणताना हलगर्जीपणा झाल्यास वरच्या थरातील दूषित पाणी खालच्या स्वच्छ थरात उतरण्यास वाट मिळते. तपासणीनेच प्रदूषण पसरावे, अशी आपत्ती त्यातून ओढवते.

भारतीय हवामानात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. पावसाळ्यात भूजलाची पातळी कित्येक मीटर वर येते आणि उन्हाळ्यात खाली जाते. तिच्याबरोबर पेट्रोलचा तवंगही वरखाली होतो आणि मधल्या सर्व मातीला माखून टाकतो. पाणी वर आले की हे पेट्रोल पाण्याखाली अडकून पडते व निरीक्षण विहिरीत तवंग दिसेनासा होतो. ऑगस्टमध्ये स्वच्छ दिसलेल्या विहिरीत मे महिन्यात पेट्रोल आढळू शकते. एकाच ऋतूत घेतलेल्या एकाच नमुन्यावर निर्वाळा देणे त्यामुळे धोक्याचे आहे.

भूस्तराचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत वा चेन्नईच्या किनारी वाळूत प्रवाहाचा अंदाज तुलनेने नियमित असतो. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने, व्यापला आहे. येथे पाणी वाहते ते मुरमाच्या थरातून आणि खडकातील भेगांतून. भेग जिकडे वळेल तिकडे पेट्रोल जाते. पंपापासून वीस मीटरवरील विहीर स्वच्छ राहून दोनशे मीटरवरील विंधन विहीर बिघडणे अशा खडकात अशक्य नाही. गाळाच्या प्रदेशासाठी आखलेला तपासणीचा साचा दख्खनच्या पठारावर जसाच्या तसा वापरता येणार नाही.

अमेरिकेचा अनुभव

या प्रश्नावर सर्वाधिक काळ आणि सर्वाधिक पैसा खर्च केलेला देश म्हणून अमेरिकेचा दाखला दिला जातो. १९८४ साली तेथील काँग्रेसने भूमिगत टाक्यांसाठी संघराज्याचा कार्यक्रम आखला. १९८६ साली प्रत्येक गॅलन इंधनामागे एक दशांश सेंट एवढा कर बसवून सफाईसाठी निधी उभारण्यात आला. १९८८ च्या नियमांनी जुन्या टाक्या सुधारण्यासाठी वा बंद करण्यासाठी डिसेंबर १९९८ पर्यंतची मुदत दिली. तेव्हापासून अठरा लाखांहून अधिक जुन्या टाक्या कायमच्या बंद करण्यात आल्या. गळतीची साडेपाच लाखांहून अधिक प्रकरणे नोंदली गेली आणि त्यांपैकी पाच लाखांहून अधिक ठिकाणची सफाई पूर्ण झाली. चार दशकांनंतरही पन्नास हजारांहून अधिक ठिकाणे शिल्लक होती.

या आकड्यांचा अर्थ दुहेरी आहे. शोधावयास सुरुवात केल्यावरच गळतीची खरी व्याप्ती कळली, हा पहिला अर्थ. नोंद, मुदत आणि निधी या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की काम पुढे सरकते, हा दुसरा.

तरीही एवढी यंत्रणा असलेल्या देशात होनोलुलूची घटना घडली. हवाई राज्यातील या शहराजवळ रेड हिल येथे अमेरिकी नौदलाचा भूमिगत इंधनसाठा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डोंगराच्या पोटात बांधलेल्या वीस टाक्यांपैकी प्रत्येकीची क्षमता सव्वा कोटी गॅलन होती आणि त्या पिण्याच्या पाण्याच्या भूजलसाठ्यापासून सुमारे शंभर फूट उंचीवर होत्या. २०१४ च्या जानेवारीत एका टाकीतून २७ हजार गॅलन इंधन गळाले. मे २०२१ मध्ये पुन्हा इंधन सांडले. पण त्यातील सुमारे वीस हजार गॅलन आग विझविण्याच्या यंत्रणेच्या नळीत जाऊन साचले आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. साठ्याच्या हिशेबातील तुटीचा अर्थ वेळीच लावला गेला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती नळी फुटली आणि इंधन पाणीपुरवठ्याच्या विहिरीत पोहोचले. सुमारे ९३ हजार लोकांना पाणी पुरविणारी व्यवस्था दूषित झाली. नळाच्या पाण्याला येणाऱ्या इंधनाच्या वासाची पहिली तक्रार केली ती सैनिकांच्या वसाहतीतील कुटुंबांनी. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण मंत्र्यांनी हा साठा कायमचा बंद करण्याची घोषणा केली.

उपकरणे होती, नियम होते, प्रशिक्षित मनुष्यबळ होते. तरी सहा महिने तुटीचा अर्थ कोणी विचारला नाही आणि शेवटी शोध लागला तो घरातील नळावर. शोधाची यंत्रणा कागदावर असणे आणि ती जागरूक असणे यांतील अंतर या घटनेने दाखवून दिले.

भारतातील स्थिती

भारतात भूमिगत इंधनगळतीचे सर्वांत ठळक प्रकरण चेन्नईच्या तोंडियारपेट भागातील आहे. २०१३ साली तेथील विंधन विहिरींच्या पाण्यात तेल आढळले. जमिनीखालून जाणाऱ्या तेलवाहिनीतील गळतीशी त्याचा संबंध जोडला गेला आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. सफाईच्या अभ्यासात आयआयटी मद्रासच्या तज्ज्ञांचा सहभाग घेण्यात आला. येथेही पहिला इशारा मिळाला तो रहिवाशांच्या विहिरीतून.

प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी हे तत्त्व भारतीय कायद्यात नवे नाही. राजस्थानात उदयपूरजवळील बिछडी गावातील विहिरी रासायनिक कारखान्यांच्या गाळामुळे निकामी झाल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हे तत्त्व नि:संदिग्धपणे लागू केले. सफाईचा खर्च सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये ठरविण्यात आला. प्रत्यक्षात वसुली रखडली आणि २०११ साली न्यायालयाला ती रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश द्यावा लागला. निकाल आणि विहिरीतील पाणी यांच्यामध्ये केवढा काळ जाऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

हरित लवादापुढील एका प्रकरणाच्या अनुषंगाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पेट्रोलपंपांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. शाळा, रुग्णालये आणि निवासी भागापासून पंप ५० मीटर दूर असावा. जागेची अडचण असल्यास अतिरिक्त सुरक्षा उपायांसह हे अंतर कमी करता येईल, पण ते ३० मीटरहून कमी नसावे, असे त्यांत म्हटले आहे. या सूचनांचा मुख्य रोख पुढे उभ्या राहणाऱ्या पंपांकडे होता. त्यापूर्वी पुरलेल्या हजारो टाक्यांचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

जुलै २०२५ च्या नियमांनी प्रथमच कालबद्ध चौकट घालून दिली. जिल्हा प्रशासनाने संशयित दूषित स्थळांची सहामाही यादी द्यावयाची आहे. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ वा त्याने नेमलेली तज्ज्ञ संस्था ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करील. त्यानंतर सविस्तर सर्वेक्षणासाठी आणखी तीन महिने मिळतील. घातक रसायनांचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळल्यास स्थळाची माहिती जाहीर करून तेथील वावरावर निर्बंध घातले जातील. जबाबदार कोण हे मंडळाने ९० दिवसांत निश्चित करावयाचे आहे. किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलप्रदूषण आणि घनकचऱ्याचे ढीग हे विषय अन्य कायद्यांखाली येत असल्याने या नियमांतून वगळण्यात आले आहेत. जमिनीखालील इंधनटाक्या या वगळलेल्या यादीत नाहीत.

हे स्वागतार्ह आहे. तथापि नियम अधिसूचित झाले त्या सुमारास देशात १०३ दूषित स्थळे निश्चित झाली होती आणि त्यांपैकी अवघ्या सात ठिकाणी सफाईचे काम सुरू झाले होते. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला मुदत असली तरी दूषित ठरलेले स्थळ पुन्हा सुरक्षित केव्हा व्हावे, याला अंतिम मुदत नाही. शिवाय संपूर्ण प्रक्रियेची सुरुवात जिल्हा प्रशासनाच्या यादीने होते. ज्या गळतीचा कोणाला संशयच आला नाही, ती यादीत येणार नाही.

जबाबदारी आणि पुढील वाट

जबाबदारी निश्चित करणे हेही सोपे नाही. पंपाची जागा एकाची, टाकी व यंत्रे बहुधा तेलकंपनीची आणि रोजचा कारभार वितरकाचा, अशी रचना देशात सर्वत्र आढळते. गळती वितरकाच्या दुर्लक्षामुळे झाली की टाकीच्या दोषामुळे, यावर वाद होणे स्वाभाविक आहे. लहान वितरकाला तपासणीचाही खर्च परवडत नाही. गळती कळविणाऱ्यावरच सारा बोजा पडणार असेल, तर ती कळविली जाण्याऐवजी झाकली जाण्याचा संभव अधिक. अमेरिकेने इंधनावरील अल्प करातून निधी उभारला, त्यामागे जबाबदार व्यक्ती सापडत नसेल किंवा असमर्थ असेल तेव्हाही काम थांबू नये, हा विचार होता.

बंद पडलेल्या पंपांचा प्रश्न याहून अवघड आहे. महामार्गांच्या रुंदीकरणात आणि शहरांच्या विस्तारात अनेक पंप हलविले जातात. टाकी रिकामी करून काढली गेली काय, खालच्या मातीची तपासणी झाली काय, याची नोंद सर्वसामान्यांना उपलब्ध नसते. त्याच जागेवर पुढे गृहसंकुल उभे राहते आणि तेथे विंधन विहीर घेतली जाते. घर घेणाऱ्याला जमिनीचा सातबारा वा मालमत्तापत्र पाहता येते. जमिनीखालचा इतिहास पाहण्याची सोय त्याला नाही.

या पार्श्वभूमीवर काही पावले तातडीची ठरतात. चालू आणि बंद अशा सर्व भूमिगत टाक्यांची, त्यांच्या वयासह, राज्यवार नोंदवही तयार करणे आणि ती सार्वजनिक ठेवणे हे पहिले. जुन्या पंपांच्या परिसरातील भूजलाची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा तपासणी करणे, आणि टाकी काढताना खालच्या मातीचा अहवाल बंधनकारक करणे हे त्यापुढचे. पंपावरील स्वयंचलित यंत्रणांच्या नोंदी प्रदूषण नियंत्रण मंडळांना उपलब्ध झाल्यास फारसा नवा खर्च न करता संशयित ठिकाणे हेरता येतील. बेंझिनसारख्या घटकांची अचूक चाचणी करू शकणाऱ्या प्रयोगशाळा जिल्ह्यांच्या आवाक्यात आणणेही आवश्यक आहे. त्याखेरीज ९० दिवसांची मुदत पाळणे कठीण जाईल.

ग्रामीण भागातील पिण्याच्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के आणि सिंचनापैकी सुमारे ६२ टक्के गरज भारत भूजलातून भागवितो. २०२४ च्या मूल्यांकनानुसार देशात वर्षाला सुमारे २४५ अब्ज घनमीटर भूजल उपसले जाते. एवढे पाणी उपसणाऱ्या देशात त्याची पातळी किती खाली गेली याची चर्चा नेहमी होते. ते पाणी कसे आहे, हा प्रश्न मात्र बहुधा विहिरीला वास येऊ लागल्यावरच विचारला जातो. नव्या नियमांनी तपासणीचा अधिकार आणि मुदत दोन्ही दिली आहेत. वास येण्याची वाट न पाहता प्रशासन स्वतःहून टाक्यांपर्यंत जाते की नाही, यावर या नियमांचे यश अवलंबून राहील.